गावांच्या पाठीमागून

रामटेकच्या बाजूला मुख्य रस्ता सोडून पेंचच्या कालव्याच्या भरावावर चढायचे म्हटले की आधी एक लहानसा पण दमछाक करणारा चढ लागतो, आणि त्या चढाच्या माथ्यावर, जीप-ट्रॅक्टर आत शिरू नयेत म्हणून, लोखंडी दांडा आडवा ठोकलेला असतो. डिसेंबरातल्या एका दुपारी माझे लक्ष त्या दांड्याच्या टोकाकडे गेले. दांडा आणि शेजारची बाभूळ यांच्यामध्ये हँडल तिरके करून सायकल नेता येईल एवढीच फट होती, आणि बाभळीची साल नेमकी हँडलच्या उंचीवर घासून गुळगुळीत झाली होती. म्हणजे तेथून रोज कोणी ना कोणी सायकल नेत असणार: शाळेतली मुले, पाळीचे पाणी पाहायला निघालेला शेतकरी, डबा लटकवलेला मजूर. मी मात्र शहरातून मोटारीच्या पाठीवर सायकल लादून, केवळ हौसेपायी तेथवर आलेली बाई. तरीही त्या फटीने मला काहीएक न विचारता आत घेतले, याचे मला उगाचच बरे वाटले.

आत गेल्यावर हॉर्न थांबतात. नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यालाच कळेल की हे वाक्य किती मोठे आहे. चाकांखाली मुरूम चुरचुरतो, एका हाताला पाणी असते, दुसऱ्या हाताला खाली धानाची कापलेली शेते, आणि समोरून आलाच तर शेळ्यांचा एखादा कळप येतो, ज्याला कोणतीच घाई नसते. शिवाय हा रस्ता कोणत्याही गावाला नेण्यासाठी बांधलेला नाही. तो कालव्याच्या देखरेखीचा रस्ता आहे. त्याला गावे केवळ वाटेत भेटतात, आणि तीही पाठीमागून. महामार्गावरून गाव दिसते ते समोरून, म्हणजे स्वागताची कमान, नेत्यांचे फलक, चहाची टपरी आणि मोबाईलचे दुकान. कालव्यावरून दिसतात त्या तणसाच्या गंज्या, शेणखताचे उकिरडे, कुडाला टेकवलेला मोडका नांगर, आणि धुणे धुताना मोठमोठ्याने बोलणाऱ्या बायका, ज्या आपल्याला पाहून क्षणभर थांबतात आणि मग त्याच विषयावर, कदाचित आता आपल्याविषयी, पुढे बोलू लागतात. मला गावाची ही बाजू अधिक खरी वाटते. पण पाहुण्याने मागच्या अंगणातून यावे की नाही, हा प्रश्नही दर वेळी मनात येतो.

कालव्याच्या रस्त्याची खरी मौज त्याच्या उतारात आहे. पेंच नदीचे पाणी तोतलाडोहला अडते, तेथून खाली नवेगाव खैरीच्या धरणात येते आणि तेथून कालव्यांत शिरते. पुढे ते शेतापर्यंत पोचते ते पंपाच्या नव्हे, उताराच्या जोरावर. हा उतार फार ठेवला तर पाणी कालव्याचा तळ खरवडते आणि फार कमी ठेवला तर गाळ साचतो. म्हणून मोठ्या कालव्यांत तो हजारो मीटरला एक मीटर इतकाच राखतात. टेकडी आली की कालवा तिला वळसा घालतो, नाला आला की जलसेतूवरून जातो, पण चढत कधीच नाही. परिणामी काठावरच्या सायकलस्वाराला पायांना कळणार नाही इतका सौम्य उतार मैलोगणती मिळतो. (परतीच्या वाटेवर तो चढ होतो. तोही पायांना कळत नाही, असे मी स्वतःला सांगत असते.) युरोपातले कालवे याहून निराळे. 1681 साली खुला झालेला फ्रान्समधला कॅनाल द्यू मिदी होड्यांसाठी खणलेला, त्यामुळे त्याचे पाणी टप्प्याटप्प्याने सपाट ठेवून मध्ये होडी एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजांचे हौद, म्हणजे 'लॉक', घालावे लागले. काठची वाट होडी ओढणाऱ्या घोड्यांची होती. आता घोडे गेले आणि त्या वाटेवरून जगभरचे हौशी लोक सायकली हाकतात. आपल्याकडे घोडा कधीच नव्हता. होता तो पाटबंधारे खात्याचा माणूस, तोही बहुधा सायकलवर.

मी सायकल शिकले तीही कालव्याच्याच काठावर, मौद्याकडच्या आजोळी, मामाच्या चोवीस इंची काळ्या सायकलवर. सीटवर बसून पाय पुरणे शक्यच नव्हते, तेव्हा नळीखालून पाय घालून कैची चालवायची, अर्धे पायडल मारायचे आणि सायकल एका अंगाला तिरकी ठेवून पुढे सरकायचे. डाव्या हाताला कालवा भरून वाहत होता. मामा कॅरिअर धरून मागून पळत होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडत होता, "पोरी, पाण्याकडे पाहू नको, समोर पाह्य!" मला तेव्हा वाटले की पाणी पाहून मी घाबरेन अशी त्याला काळजी आहे. सायकल नजरेच्या मागे जाते, हे त्याला म्हणायचे होते. आजी मात्र भरावाच्या खाली उभी राहून मामालाच रागे भरत होती, की पोरीच्या जातीला हे कशाला शिकवतोस आणि शिकवायचेच तर पाण्याच्या काठी कशाला. आजीचे दुसरे म्हणणे मला आज पटते. मामाचे उत्तर असे होते की गावात दुसरा सपाट रस्ताच नाही, आणि ते खरेच होते. पांदणीतल्या काळ्या मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होत्या.

हल्ली अशा वाटांसाठी निराळी सायकल मिळते. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि त्यांत हवा कमी भरायची. या कमी हवेवरून माझे आणि आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याचे जुने वैर आहे. टायर दगडासारखा कडक असला म्हणजेच सायकल पळते, ही त्याची श्रद्धा. मुरुमावर कडक टायर प्रत्येक खड्यागणिक सायकलीला आणि माणसाला वर उचलतो आणि पुढे जाण्याची ताकद त्या उसळण्यातच खर्ची पडते, हे मी त्याला समजावून सांगते. तो ऐकून घेतो आणि दोन फटके जास्तच मारतो. मग मी कोपऱ्यावर वळून, त्याच्या नजरेआड गेल्यावर, अंगठ्याने दाबून पाहत हवा सोडते. बेलफास्टच्या डनलॉपने 1888 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्याच्या मुळाशी त्याच्या मुलाच्या तीनचाकीला खडबडीत रस्त्यावर बसणारे हादरे होते. मऊपणा हाच त्या शोधाचा हेतू होता, पण हा मुद्दा चौकात चालत नाही. आणखी गंमत अशी की मोटारी येण्याच्या आधी, 1880 नंतरच्या दशकात, इंग्लंड-अमेरिकेत चांगल्या पक्क्या रस्त्यांसाठी चळवळ केली ती सायकलवाल्यांनी. रस्ते झाले, त्यांवर मोटारी आल्या, आणि सायकलवाले मुरूम शोधत निघाले.

मुरूम शोधताना सगळेच काही रम्य नसते. कुही-भिवापूरकडे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरच्या पसरून त्यांचे देठ खुडण्याच्या मोकळ्या जागा, लागले आहेत अशा दिवसांत त्या बाजूच्या पांदणीने गेले, तर शिंकांमुळे हँडल हातात राहत नाही. गोखरू तर सगळीकडेच. एकदा कालव्याच्या काठी चाक उलटे करून काटे उपटत बसले असताना गवताचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, "काहून वो बाई, घरी गाडी नाही का?" आहे, म्हटले. तिने माझ्याकडे आणि चाकाकडे पाहिले, भारा सावरला आणि काही न बोलता निघून गेली. एवढे नेमके परीक्षण माझ्या छंदाचे घरच्यांनीही केलेले नाही.

हे सारे किती काळ राहील, सांगवत नाही. उघड्या कालव्यातले पुष्कळ पाणी मुरते, उन्हाने उडते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यातले ऊन कोणाला सांगायला नको. म्हणून आता नव्या योजनांत शेतापर्यंतचे पाणी जमिनीखालच्या बंद नळांतून नेण्यावर भर आहे. नळ गाडला की वरून शेती होते. भराव नाही, मुरूम नाही, देखरेखीचा रस्ता नाही. 2019 च्या जुलैत पेंचची धरणे तळाला गेली आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हा बादल्या भरून ठेवताना मला कालव्याच्या काठची दुपार आठवली नव्हती, हे सांगायला हवे. वाचलेले पाणी शेवटच्या टोकाच्या शेताला मिळत असेल, तर माझ्या सायकलीने त्यात बोलू नये. उद्या कोणी मत विचारलेच तर मी नळाच्याच बाजूने देईन. मग काटोलकडच्या संत्र्यांच्या बागांमधल्या पांदणी धुंडाळाव्या लागतील. तिकडे चढउतार बरेच आहेत, आणि माझे गुडघे आतापासूनच कुरकुरू लागले आहेत.