कवडसा गोल का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला आणि आधी आठवली ती खिडकी. सातवीत माझी जागा तिसऱ्या बाकावर, खिडकीला लागून. फळ्यावर काय चाललंय यापेक्षा बाहेर काय चाललंय याची खबर मला जास्त असे. त्यापायी मी अंगठे धरलेत, वर्गाबाहेर उभा राहिलोय, आणि ‘लक्ष नसते’ हा शेरा प्रगतिपुस्तकावर इतक्यांदा मिळवलाय की सही करताना घरच्यांनी तो वाचणंही सोडून दिलं होतं.

मग विज्ञानाला नवीन बाई आल्या. त्यांनीही मला पकडलंच.

“काय रे, काय बघतोयस बाहेर?”

“काही नाही, बाई.”

“काही नाही, ते इतका वेळ? सांग नीट.”

झाडाखाली पडलेले कवडसे, असं मी पुटपुटलो. वर्ग हसला. बाईंनी विचारलं, “कसे आहेत?” म्हटलं, गोल. “आणि पानांमधल्या फटी? त्याही गोल असतात?”

वर्ग गप्प झाला. फटी कशाला गोल असतील! वाकड्या, तिरक्या, चिंचोळ्या. मी रोज तासभर तरी ते कवडसे बघत होतो, पण हा प्रश्न काही मला पडला नव्हता. त्या दिवशी शिक्षा झाली नाही, तरी इतकं ओशाळल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुठ्ठ्याला रिफिलच्या जाडीएवढं चौकोनी भोक पाडून आणलं. पुठ्ठा जमिनीलगत धरला तर उजेडाचा ठिपका चौकोनी. तोच बाकावर चढून उंच धरला, तर गोल. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र, भोक फक्त ते खाली पोचवतं, असं बाई म्हणाल्या. या कोड्याचा नीट उलगडा केप्लरने १६०४ साली छापला. त्याआधी शतकानुशतकं भल्याभल्यांनी त्यावर डोकं खाजवलं होतं. हे ऐकून माझं ओशाळलेपण जरा कमी झालं.

खरी मजा पुढे होती. सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट अंतरावर आहे. हेच प्रमाण कवडशालाही लागू. म्हणजे कवडशाची रुंदी मोजून १०८ ने गुणली की तो ज्या फटीतून आला तिचं अंतर मिळतं! भर दुपारी आख्खा वर्ग पट्ट्या घेऊन झाडाखाली उकिडवा बसला. माझा कवडसा ६ सेंटिमीटरचा भरला, म्हणजे फट साधारण साडेसहा मीटर उंचावर. आम्ही सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. फट काही सापडली नाही. सापडणार कशी, वारा सुटला होता आणि कवडसे पायांवरून पळत होते. (ते झाड कसलं होतं यावर आमच्या बॅचमध्ये आजही एकमत नाही. मोजलं सगळ्यांनी, नाव कुणी विचारलं नाही.)

सकाळच्या शाळेतलं एक भांडणही आठवतं. मैदानावरच्या दवाने भिजलेल्या गवतावर आमच्या लांबच लांब सावल्या पडल्या होत्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती उजेडाची प्रभावळ होती. शेजारचा म्हणे, “तुझ्या नाही, माझ्या!” प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा बाई मध्ये पडल्या. दोघंही खरं बोलत होतो. दवाचा थेंब उजेड आला त्याच वाटेने बराचसा परत पाठवतो, त्यामुळे ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती तेज दिसतं. “आणि दुसऱ्याचं कुणालाच दिसत नाही,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या का हसल्या ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

बाई पुढच्याच वर्षी बदली होऊन गेल्या. प्रगतिपुस्तकावरचा शेरा परत आला.

मध्यंतरी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. ऑफिसातली मंडळी एकच काळा चश्मा आळीपाळीने डोळ्यांना लावून गच्चीवर उभी होती. मी खाली उतरलो आणि फुटपाथवरच्या झाडाखाली जाऊन थांबलो. जमिनीवर सगळीकडे चंद्रकोरी सांडल्या होत्या, शेकडो, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. त्यांच्यावरून माणसं भराभरा चालली होती. एकाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून सात-आठ कोरी सरकत गेल्या. त्याला पत्ताही नव्हता. त्याला थांबवून सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. दव-प्रभावळवाल्याचं उत्तर मिनिटात आलं: “मोजलास का?”

पट्टी नव्हती. खिशात बसचं तिकीट होतं. मी उकिडवा बसलो आणि एका कोरीला तिकिटाची कड लावली.