तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तातल्या पांढऱ्या पेशी का गाळता?

ब्लड बँकेत काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. रक्त देऊन झालं की पडल्या पडल्या लोक बॅगेकडे बघतात, शेजारी टांगलेल्या बॅगेतून रक्त फिल्टरमधून खाली उतरताना दिसतं आणि विचारतात, अहो पांढऱ्या पेशी तर रोगाशी लढतात ना, मग त्याच का काढता, आजारी माणसाला तर त्यांचीच गरज!

लढतात, बरोबर आहे. पण त्यांना तुमचं घर ओळखीचं, दुसऱ्याचं नाही. पेशंटचं शरीर त्यांना घुसखोर समजतं आणि त्यांच्या अंगावरच्या एचएलए नावाच्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. ज्याला एकदाच रक्त लागलं त्याला याचा फारसा त्रास नाही, पण ज्याला वारंवार प्लेटलेट चढवाव्या लागतात त्याचं अवघड होतं, कारण त्याच खुणा प्लेटलेटवरही असतात, मग बॅगमागून बॅग चढवली तरी काउंट जागचा हलत नाही.

दुसरा प्रश्न, साठवायच्या आधीच कशाला, चढवताना गाळा की. पूर्वी तसंच करायचे, पेशंटच्या कॉटपाशी फिल्टर लावून. पण लाल पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि पांढऱ्या काही दिवसांतच मरून फुटतात, आतला सगळा ऐवज बॅगेत सांडतात. प्लेटलेटच्या बॅगा तर २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात, तिथे या पेशी जिवंत राहून सायटोकाईन नावाची रसायनं सोडत बसतात, ज्याने पेशंटला हुडहुडी भरून ताप येतो. सायटोकाईन फिल्टरला कसले अडकतायत. रंग उतरणारा कपडा दुसऱ्या दिवशी बादलीतून काढला तरी पाणी रंगलेलंच राहतं ना, तसं. म्हणून आधी.

शिवाय सीएमव्ही. हा व्हायरस कितीतरी निरोगी लोकांच्या पांढऱ्या पेशींत गुपचूप बसलेला असतो, त्यांना पत्ताही नसतो, पण कमी दिवसांच्या बाळाला किंवा बोनमॅरो बदललेल्या पेशंटला तो महागात पडतो. पेशी गेल्या की तोही बराचसा जातो. ब्रिटनने १९९९ मध्ये सरसकट सगळंच रक्त गाळायला सुरुवात केली ती मात्र मॅड काऊच्या भीतीने, तेव्हा रक्तातून तो आजार पसरल्याची एकही केस पुढे आलेली नव्हती. मला विचाराल तर योग्य केलं, कारण डिसेंबर २००३ मध्ये तशी केस खरंच पुढे आली.

फिल्टर म्हणजे साधी चाळणी नाही हं, पॉलिस्टरच्या अतिबारीक धाग्यांचे थर असतात आणि पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात. (१९२६ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने कापसातून रक्त गाळून हे करून दाखवलं होतं. हो, तोच पेनिसिलिनवाला, पेनिसिलिन त्यानंतर दोन वर्षांनी.) थोड्या लाल पेशीही त्यात वाया जातात, त्याला इलाज नाही. एकदा एक बॅग अर्ध्यातच अडकली, आम्ही नळी बघतोय, क्लॅम्प बघतोय, काही कळेना. शेवटी निघालं काय तर डोनरला सिकलसेल ट्रेट, म्हणजे तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा नुसता वाहक, स्वतःला कधी काही त्रास नाही म्हणून त्यालाही माहीत नव्हतं. अशांच्या रक्ताने फिल्टर तुंबू शकतो.

आणि गाळलं म्हणजे सगळं सेफ असं कृपया समजू नका. ४५० मिलीच्या बॅगेत साधारण ३०० कोटी पांढऱ्या पेशी असतात, गाळल्यावर अमेरिकेच्या नियमाने ५० लाखांच्या आत आणि युरोपात १० लाखांच्या आत हव्यात. म्हणजे लाखांत उरतातच, आणि ज्याची प्रतिकारशक्ती पार संपलीये त्याच्या शरीरात त्यातल्या लिम्फोसाईट नावाच्या पांढऱ्या पेशी मुक्काम ठोकून त्याच्यावरच उलटू शकतात. तिथे फिल्टर पुरत नाही, बॅगेला २५ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) इतकं रेडिएशन द्यावं लागतं. डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं असेल तर एक चुकून लिहिलंय असं वाटून घेऊ नका.

राहता राहिलं शेवटचं, जे लोक जरा नाराज होऊनच विचारतात, मग माझ्या पेशी वाया गेल्या का? फिल्टरमध्ये अडकल्या त्या गेल्या, खरंय. पण तुमचा बोनमॅरो एकट्या न्यूट्रोफिलच (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रोज साधारण १०,००० कोटी बनवतो, म्हणजे तुम्ही दिलेल्या ३०० कोटींची भरपाई तुम्ही घरी जाऊन पाठ टेकेपर्यंत झालेली असते. लाल पेशींना मात्र काही आठवडे लागतात, म्हणून तर पुढची तारीख लांबची देतो.