रायरेश्वरावर आकाशगंगेचा पॅनोरामा, आणि कॅमेऱ्याने घातलेली मान

मार्चअखेरच्या अमावस्येला आम्ही तिघं रायरेश्वरावर जाऊन आलो, आकाशगंगेची आख्खी कमान एका पॅनोरामात, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेल्या एका फोटोत, धरायची म्हणून. सिंहगडावर दोनदा करून बघितलं होतं, पण तिथं शहराचा उजेड इतका की अर्धं आकाश राखाडीच येतं.

रस्ता सोपाय, कापूरहोळ, भोर, आंबवडे, कोर्ले, मग घाट चढून गाडी लावायची आणि पुढे लोखंडी शिडी. घरून जेवून निघू असा एकाचा आग्रह होता तो मी हाणून पाडला, कारण उजेडात पोचलात तरच जागा नीट हेरता येते. ट्रायपॉड सॅकला उभा बांधा, आडवा असला की शिडीच्या कठड्यात अडकतो (अडकला). वर वस्ती आहे, आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते.

आता दिशा. पुणे उत्तरेला म्हणजे पाठीमागे राहतं, पण वाई नेमकी आग्नेयेला आणि आकाशगंगेचा गाभा उगवतो तोही तिकडेच! त्यात या दिवसांत वणव्यांचा धूर. गाभा पाऊणच्या सुमारास उगवतो पण क्षितिजाजवळचे १०-१५ अंश असेच वाया जातात, म्हणून सव्वातीनपर्यंत झोप काढली. तोवर वृश्चिक तारकासमूहातली विंचवाची नांगी चांगली वर आलेली असते, ईशान्येला हंस तारकासमूहही दिसायला लागतो आणि कमान पूर्ण होते. सव्वापाचनंतर उजाडायला लागतं, म्हणजे हातात दोन तास.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, २४ एमएमची लेन्स, कॅमेरा उभा. दर ३० अंशांनी एक फ्रेम, १८० अंशांना सात. एफ २.८, आयएसओ ३२००, २० सेकंद (तारे रेघांसारखे लांबू नयेत म्हणून ५०० भागिले लेन्सचे एमएम, म्हणजे २४, साधारण तेवढंच; क्रॉप म्हणजे लहान सेन्सर असेल तर १३). व्हाइट बॅलन्स (फोटोचा रंग ठरवणारं सेटिंग) ४००० वर फिक्स, ऑटो ठेवलात तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि जोड दिसतात. फोकस लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) अभिजित तारा मोठा करून लावला आणि रिंगवर चिकटपट्टी मारली.

एवढं करून पहिला सेट गेला तो गेलाच. बॉल हेडवर (ट्रायपॉडच्या गोळ्यावर फिरणाऱ्या डोक्यावर) उभा कॅमेरा म्हणजे सगळं वजन एका बाजूला, आणि ते बेणं प्रत्येक फ्रेमला केसभर खाली मान घालत होतं. मागच्या छोट्या स्क्रीनवर कळेना, तारे तर सगळीकडेच असतात! सातवी फ्रेम मोठी करून बघितली तर अर्धी नुसती जमीन. मित्राकडचा एल ब्रॅकेट (उभा कॅमेरा हेडच्या बरोबर वर बसवणारी एल आकाराची पट्टी) लावला, आधी ट्रायपॉडचे पाय लेव्हल केले (वरचं हेड नाही, पाय!), मधल्या दांड्याला सॅक टांगली कारण सड्यावर वारं मरणाचं, आणि चारला परत सुरू. सात फ्रेम तीन मिनिटांत उरकल्या. रेंगाळू नका, आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि जमीन जागची हलत नाही.

जवळचा दगड-झाड फ्रेममधे नको, जोडताना दुहेरी दिसतं. हेडलॅम्पला पतंगाचा लाल कागद लावा आणि बाकीच्यांना आधीच दम देऊन ठेवा, आमची तिसरी फ्रेम एकाच्या मोबाईलने खाल्ली आणि ती लगेच परत काढावी लागली.

फ्रेम जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे आणि पुरतं. मे महिन्यात जाणार असाल तर कमान बरीच वर चढलेली असते, फ्रेमच्या एका ओळीत मावणार नाही, एकावर एक दोन ओळींची तयारी ठेवा आणि बॅटऱ्या जास्त न्या.