पायी चालणाऱ्यांचा रकाना

छोट्या शहरासाठी कमी धुराचा वाहतूक आराखडा करायचा, तर सगळ्यात अवघड काम लोकांना गाडीवरून उतरवण्याचं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात अडलं ते एका तक्त्याशी. वाहन मोजणीचा विहित नमुना. तो आठवला की अजूनही डोक्यात तिडीक जाते.

नागरिक समिती झाली, नकाशे मिळाले, बैठकांना लोक आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग मोजणी आली. चौकात पहाटेपासून बसायचं, मांडीवर पॅड, येणाऱ्या प्रत्येक वाहनामागे एक काडी. चार उभ्या काड्या झाल्या की पाचवी आडवी. पहिल्या तासातच लक्षात आलं की समोरून जाणाऱ्या बहुतेकांसाठी माझ्याकडे रकानाच नाही. शाळेची पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, काठी टेकत रस्ता ओलांडणारे आजोबा. आजोबा दुभाजकापर्यंत पोहोचले, थांबले, परत मागे आले, पुन्हा निघाले. तेवढ्या वेळात मी कार, दुचाकी, ट्रक अशा किती काड्या ओढल्या, पण आजोबांची एकही नाही. मग मी समासात पेन्सिलीने 'पायी' असा रकाना आखला. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तक्ता कार्यालयातून परत आला. शेरा: "विहित नमुन्यात नाही." मी प्रत्यक्ष गेले. "ताई, हा वाहनांचा तक्ता आहे. माणूस वाहन आहे का?" मग सायकल? "सायकल 'इतर'मध्ये टाका." 'इतर'मध्ये हातगाड्याही होत्या. मी तक्ता सुधारून दिला, चालणाऱ्यांचा वेगळा कागद जोडला. तो कागद काढून ठेवून बाकीचं स्वीकारलं. तिसऱ्या खेपेला टेबलावरचे साहेब रजेवर, आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे ते कोणालाच माहीत नाही. (पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची पोच घ्या. मी घेतली नव्हती, म्हणून सगळं पुन्हा टाइप केलं.)

हा हट्ट कशासाठी, ते सांगते. अशा मोजणीत वाहनांचं रूपांतर कार-एककात करतात. कार म्हणजे १, बस दोन-तीन, सायकल अर्धी किंवा त्याहून कमी. हे एकक माणसं मोजत नाही, रस्त्यावरची जागा मोजतं. चाळीस माणसं बसमधून गेली तर तक्त्यात तीन, तीच एकेकटी कारमधून गेली तर चाळीस. साहजिकच कार तुंबलेला रस्ता 'महत्त्वाचा' ठरतो आणि रुंदीकरणाचा पैसा तिकडे जातो. पायी चालणाऱ्याला एककच नाही, त्यामुळे तो असूनही नसल्यासारखा. रुंदीकरणात पदपथ जातो. काल चालत जाणारा आज दुचाकी काढतो, आणि रुंद झालेला रस्ता काही वर्षांत पुन्हा भरतो. मग त्याच माणसाचा धूर कमी करायला आपण विजेवरच्या बसची योजना आखतो! ज्याची फेरी आधीच धुराविना होती, त्याला आधी मोजा, एवढंच माझं म्हणणं होतं.

विजेवरच्या बसवरून आठवलं, सुरुवातीला मीही त्याच नादात होते. पहिल्या मसुद्याची पहिली चार पानं बसच्या बॅटरीवरच. पण तासाला एक बस असेल तर ती विजेवर चालो की डिझेलवर, लोक तिची वाट बघत नाहीत. आधी फेऱ्या वाढवायच्या. थांबा घरापासून चारशे मीटरच्या आत, म्हणजे पाचेक मिनिटांच्या चालीवर हवा. गाडी कुठली घ्यायची ते त्यानंतर.

आणि उत्सर्जनाचा हिशेब करताना पंपांवरच्या इंधनविक्रीवर विसंबू नका. बाहेरगावच्या गाड्याही तिथेच टाकी भरतात. वाहनसंख्या, सरासरी अंतर आणि किलोमीटरमागे लागणारं इंधन यांवरून काढा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचा २.७. "लिटरभर पेट्रोलचं वजन किलोही नाही, मग दोन किलो कुठून आले?" असं बैठकीत कोणीतरी विचारतंच. हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो, हे उत्तर तयार ठेवा.

अखेर सुटका केली ती एका कारकून बाईंनी. त्या म्हणाल्या, "रकाना मागू नका, मिळणार नाही. परिशिष्ट जोडा. परिशिष्टाला नमुना नसतो." मी चौकाची तीच मोजणी माणसांत मांडली: कारमध्ये किती, बसमध्ये किती, सायकलवर किती, पायी किती. वर शीर्षक दिलं 'परिशिष्ट ब' आणि मुख्य तक्त्याच्या तळाशी 'परिशिष्ट ब पाहावे' एवढंच लिहिलं. एका खेपेत मंजूर. महिनोन्‌महिने खेटे घातल्यावर हे! हसावं की रडावं कळेना, पण जिन्यावरून उतरताना मी चक्क दोन-दोन पायऱ्या घेतल्या.

मोजणी फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत करू नका, हे राहिलंच. दुपारी शाळा सुटते, म्हातारी माणसं दवाखान्यात जातात, घर सांभाळणाऱ्या बाया एका फेरीत चार कामं उरकतात. त्या वेळेला तक्ता कोरा असेल तर दुपारच्या बसफेऱ्या आधी कापल्या जातात.

स्पेनमधल्या पाँटेवेद्राने १९९९ पासून शहराच्या मध्यातून गाड्या हटवत नेल्या. चालायला किती मिनिटं लागतात ते दाखवणारा, मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशाही त्यांनी काढला. तो बघून मी आमचा तसाच नकाशा केला, स्थानकापासून शाळा, बाजार, दवाखाना, सगळं मिनिटांत. बैठकीत तो भिंतीवर लावला तेव्हा "एवढंच अंतर?" असं म्हणणाऱ्यांत परिशिष्ट मंजूर करणारे साहेबही होते. ते मात्र आले होते गाडीतूनच.