चौथीतली लेक आणि राशीची अक्षरं

बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

लेकीची चौथी सुरू झाली. दप्तर यंदा इतकं जड आहे की जिन्यावरून ते मीच खाली आणलं. ज्यू डे स्कूल म्हणजे दोन शाळांचा अभ्यास एकाच दिवसात. सकाळी तेफिला, म्हणजे प्रार्थना, मग हिब्रू आणि खुमाश, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाची पाच पुस्तकं. जेवणानंतर गणित, विज्ञान, इंग्रजी आणि न्यू जर्सी राज्याचा इतिहास. घरी येईस्तोवर साडेचार वाजतात. ओळखीतले मराठी लोक विचारतात, एवढ्याशा पोरीवर एवढा बोजा कशाला? मला तो बोजा वाटत नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल किती मोठा घास घेऊ शकतं, हे मी गेल्या वर्षभरात बघितलंय.

ज्यू पंचांगातला वर्षाअखेरचा एलुल महिना चालू आहे, त्यामुळे शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजतो. नव्याच्या सणापर्यंत, म्हणजे आमच्या नव्या वर्षापर्यंत, हे असंच चालणार, फक्त शब्बाथला (शनिवारी) आणि सणाच्या आदल्या दिवशी नाही. आज वाजवणारा मुलगा आठवीतला होता म्हणे, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. ठाण्याला आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लोकांत या महिन्यात पहाटे सेलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, असत. आजोबा अंधारातच अंघोळ करून शार हशामाईम या सिनेगॉगला जायला निघत, आणि आजी त्यांच्यासाठी उठून चहा ठेवी. जुनी माणसं या महिन्याला रमजान म्हणत. इथे शाळेतल्या बहुतेक घरांत सेलिहोत पुढच्या आठवड्याच्या शेवटी सुरू होतील, कारण ती घरं अश्कनाझी, म्हणजे युरोपी ज्यूंची, आहेत. आम्ही घरी या महिन्यात रोज थोडं म्हणतो. लेक म्हणाली, "मग आपण जास्त मेहनत करतो?" मी म्हटलं, तसं नाही गं, ज्याचा त्याचा रिवाज.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. या आठवड्याच्या पराशाचा, म्हणजे तोराच्या वाचायच्या भागाचा, कागद घरी आला. भागाचं नाव की तेत्से. त्यात एक आज्ञा आहे: नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे कुणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. मुलांना प्रश्न होता: तुमच्या घरात "कठडा" कुठे कुठे आहे? लेकीने लिहिलं: जिन्याचा कठडा, स्वयंपाकघरात गरम तव्याचं हँडल आत वळवणं, धाकट्या भावाच्या हाताला लागणार नाही अशी औषधांची उंच फळी. कुणी न सांगता लिहिलं. तव्याचं हँडल वाचून मी थबकले. ते मी रोज करते आणि ती रोज बघत असणार.

रविवार, ७ सप्टेंबर

आज दुपारभर राशीची अक्षरं. रब्बी श्लोमो यित्झाकी, म्हणजे राशी, फ्रान्समधल्या त्र्वा गावचे. जन्म १०४० सालचा, मृत्यू ११०५ चा. तोराच्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर त्यांची टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, आहे, आणि ती वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापतात. ही अक्षरं खुद्द राशींची नव्हेत. सेफार्डी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू लोकांच्या, लपेटीदार हस्ताक्षरावरून छापखानेवाल्यांनी ती घडवली. इटलीतल्या रेज्जो दी कालाब्रिया इथे १४७५ साली छापलेली राशींची टीका हे सालाची नोंद असलेलं पहिलं छापील हिब्रू पुस्तक. त्यानंतर मूळ पाठ चौकोनी अक्षरांत आणि टीका या अक्षरांत, ही पद्धत रूढ झाली. पानाकडे नुसतं बघितलं तरी देवाचं वचन कुठलं आणि माणसाचं बोलणं कुठलं, ते कळतं.

चौथीत हे वाचायला शिकवतात. लेक सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम या दोन अक्षरांत सारखी फसत होती. दोन्ही गोल, फरक फक्त कोपऱ्याचा. तिने कार्डं केली, भिंतीवर चिकटवली, आणि चिडून म्हणाली, "एकच अक्षर दोनदा कशाला शिकायचं?"

मी कपाटातून पणजोबांचा जुना कागद काढला. रोह्याजवळच्या घराचा, मोडीतला. मला तो वाचता येत नाही, फक्त सही ओळखू येते. तिला सांगितलं, आपल्याकडेही असंच होतं: पोथी बालबोधीत, हिशेब आणि खत मोडीत. पणजोबांना दोन्ही येत होतं. ती कागदावर बोट न टेकवता बराच वेळ बघत राहिली, आणि मग पुन्हा कार्डांकडे वळली.

राशींची तिच्या वाट्याला आलेली ओळ तीच कठड्याची. ते विचारतात, पक्ष्याच्या घरट्यातून पिल्लं घेताना आईला आधी उडवून दे, या आज्ञेला लागूनच कठडा का आला? आणि उत्तर देतात: पहिली आज्ञा पाळलीस तर नवं घर बांधण्याइतकं तुला मिळेल आणि कठड्याचीही आज्ञा पाळता येईल, कारण एक सत्कृत्य दुसऱ्याला ओढून आणतं. लेक म्हणाली, "हे राशींना कसं कळलं?" त्या प्रश्नासाठीच मी तिला या शाळेत घातलंय.

आमची माणसं कोकणात शतकानुशतकं पुस्तकांवाचून राहिली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि पूर्वज वाचले, ही आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा. तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने शनवार तेली म्हटलं. सुंता, शब्बाथ, खाण्यातले नियम आणि शेमाची ओळ, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी धर्म टिकवला. हिब्रू शिकायची सोय नंतर आली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. पेसाहच्या सणाला वाचायची हगादा मराठीत १८४६ ला मुंबईत निघाली. हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ ला मुंबईत आमच्या मुलांची शाळा उभी राहिली. आणि आज पुस्तकांवाचून राहिलेल्या त्या माणसांची ही खापरपणती जेवणाच्या टेबलावर राशींना उलटा प्रश्न विचारते. ज्यांना फक्त शेमा माहीत होता त्यांनी तो सोडला असता तर हे टेबल असं मांडलंच गेलं नसतं. हे मी तिला आज म्हटलं नाही. मोठी होईल तसं सांगेन, पण सांगणार नक्की.

गुरुवार, ११ सप्टेंबर

वर्गात जगाचा नकाशा लावलाय. प्रत्येकाने पणजोबा-पणजी जिथून आले तिथे टाचणी लावायची. पोलंड, लिथुआनिया आणि हंगेरीवर टाचण्यांची गर्दी, मोरोक्को आणि इराणवर एकेक. नकाशावर अलिबाग नव्हतं. लेकीने मुंबईच्या खाली अंदाजाने टोचलं आणि कागदाची पट्टी जोडली: रोहा, अलिबाग, ठाणे. मोरांनी (हिब्रूत मोरा म्हणजे शिक्षिका) तिला पाच मिनिटं बोलायला दिली. मलिद्याबद्दल, म्हणजे देवाचे आभार मानायच्या आमच्या ताटाबद्दल, सांगितलं म्हणे. पोहे, नारळ, गूळ, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या पैगंबरांचं नाव. अलिबागजवळच्या खडकावर त्यांच्या घोड्याच्या टापेची खूण आहे, हे ऐकून एकाने हात वर करून विचारलं, "आपण जाऊ शकतो का बघायला?"

हे वाचायला छोटं वाटेल, माझ्यासाठी नाही. इथे आलो तेव्हा एका शाळेत पहिल्याच भेटीत आम्हाला विचारलं गेलं, तुम्ही धर्म बदलून आलात का? आईचे मामा १९६४ ला जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसले होते, कारण तिथल्या रब्बी मंडळींना आमच्या लग्नांबद्दल शंका होती. ती लढाई जिंकली गेली, तरी प्रश्न विचारणारं कुणी ना कुणी उरतंच. लेकीला मात्र पाच मिनिटं कुणी काही सिद्ध करायला लावलं नाही. तिने सांगितलं, त्यांनी ऐकलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

शाळेवर हल्ला झाला तर काय करायचं, म्हणून आज लपण्याचा सराव झाला. दिवे बंद, दार लावून, सगळ्यांनी भिंतीला टेकून गप्प बसायचं. गेटवर बंदूकधारी रखवालदार असतो. तो मुलांना नावाने ओळखतो आणि मुलं त्याला हाताने टाळी देऊन आत जातात. लेकीला हे नवं नाही. मला अजून जड जातं. २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाऊसच्या बातम्या आम्ही ठाण्याला रात्ररात्र बघत होतो. २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसं मारली गेली तेव्हा ही पोर दोन-तीन वर्षांची होती. आज रखवालदाराला थांबून आभार म्हटले. तो म्हणाला, "हे माझं कामच आहे, मॅम."

गुरुवार, १८ सप्टेंबर

हलव्याचा दिवस! घरी केलेलं काही शाळेत नेता येत नाही, कोशरच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या धर्माच्या, नियमामुळे आणि मुलांच्या अॅलर्जीमुळे. मला वाईट वाटलं होतं, कारण नव्याच्या सणाला हलव्याशिवाय आमच्याकडे होत नाही. मोरांनी मार्ग काढला: शाळेच्याच स्वयंपाकघरात, तिथल्या मशगियाखच्या, म्हणजे कोशर नियम पाळले जातात का ते बघणाऱ्याच्या, देखरेखीखाली करा. चीक तयार करायला गहू दिवसचे दिवस भिजवावे लागतात, म्हणून चायना ग्रासचा केला. कोशरच्या शिक्क्याचे नारळाच्या दुधाचे डबे, साखर, वेलची, थोडा गुलाबी रंग. बदाम-पिस्ते वगळले. पंधरा मुलं आळीपाळीने पातेलं ढवळत होती. दूध दाट झालं की उलथणं कसं जड लागतं, कडेला कसं सुटायला लागतं, ते लेक बाकीच्यांना सांगत होती, अगदी आजीच्या आवाजात: "थांबू नको, खाली धरेल." ट्रेमध्ये ओतला, थंड झाला, शंकरपाळ्यासारखे काप केले. सफरचंद-मधाच्या शेजारी ठेवला आणि संपला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

ज्यू पंचांगाचं नवं वर्ष ५७८६ लागलं. दोन दिवस सिनेगॉग, शोफार, जेवणं, पाहुणे. ठाण्याला आजीला फोन काल रात्री सण संपल्यावर लावला, तेव्हा तिथे आजची सकाळ झाली होती. लेकीने फोनवरच राशींची ती कठड्याची ओळ वाचून दाखवली, अडखळत, पण सामेखला न फसता. आजीला हिब्रूचा अर्थ फारसा कळत नाही, चाली मात्र सगळ्या पाठ आहेत. ती म्हणाली, "वाचलंस छान, पण गातेस कुठे?" आणि तिने शेमाची आमची चाल फोनवर म्हटली. आता रोज झोपताना तीच चाल.

पुढच्या गुरुवारी, २ ऑक्टोबरला, दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूरचा उपास, आणि दसरा एकाच दिवशी येतायत. शेजारच्या मराठी काकूंनी सोनं वाटायला बोलावलंय. त्यांना सांगितलं, आमचा उपास सुटला की अंधार पडल्यावर येऊ. त्या म्हणाल्या, "या की, जेवूनच जा."

रविवार, २८ सप्टेंबर

शाळेचं पत्र आलं: सुक्कोथ या सणानंतर चौथीला मिश्ना, म्हणजे तोंडी परंपरेतल्या धर्मनियमांचा जुना संग्रह, सुरू. पाचव्या वर्षी तोरा, दहाव्या वर्षी मिश्ना, असं पिर्के आवोथ या मिश्नातल्याच ग्रंथात म्हटलंय, आणि लेकीला डिसेंबरात दहावं संपेल. पत्राच्या तळाशी पालकांसाठी मंगळवारी संध्याकाळी हिब्रूचा वर्ग आहे, राशींच्या अक्षरांपासून सुरुवात. मी माझं नाव घातलं. नवऱ्याचंही घातलं, तो कामावरून येईल तेव्हा सांगते. पहिला धडा आधी बघून ठेवावा म्हणून लेकीची कार्डं मागितली. ती म्हणाली, "देते, पण हरवू नको, मला अजून लागतात."