गारठ्यात राबणारे जिवाणू

धुळे जिल्ह्यातील आमच्या शेतात, विहिरीशेजारी, दोन खाटा मावतील एवढी एक काळपट जागा आहे. वडिलांच्या काळी तिथे डिझेलचे इंजिन होते. वीज आल्यावर ते विकले गेले, पण वर्षानुवर्षे सांडलेले डिझेल आणि बदलून ओतलेले काळे तेल मातीत मुरून राहिले. पावसाळ्यात चहूकडे हराळी माजते, तिथे मात्र कुंदासुद्धा उगवत नसे. ढेकूळ फोडले की आत तेलकट चकाकी दिसे, आणि वरून ओतलेले पाणी मुरण्याऐवजी घरंगळून जाई.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे ही जागा मला स्वस्थ बसू देईना. गेल्या पावसाळ्यात ती खणून तिच्यात कुजलेले शेणखत, भुईमुगाची टरफले आणि थोडा युरिया व सुपर फॉस्फेट मिसळले आणि दर आठवड्याला माती वरखाली केली. तेल खाणारे जिवाणू जवळजवळ प्रत्येक मातीत असतात. पण तेलातून त्यांना कार्बन भरपूर मिळतो आणि नत्र-स्फुरद जवळपास मिळत नाही, म्हणून त्यांची वाढ खुंटते. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल सांडले, तेव्हाही किनाऱ्याच्या काही भागांवर खत फवारून तिथल्याच जिवाणूंना बळ देण्यात आले होते.

नोव्हेंबरपर्यंत मातीचा वास स्पष्टपणे कमी झाला, आणि मग काम थबकले. खानदेश म्हटले की लोकांना मे महिन्याची होरपळ आठवते. परंतु डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, आणि रावेर-यावलकडील शेतकरी केळी वाचवण्यासाठी रात्री बागेत धूर करतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. वरच्या थरातील मातीही त्या रात्रींत गार पडते. अशा वेळी डिझेल घट्ट होते आणि जिवाणूंच्या हाती कमी लागते. शिवाय त्यांची विकरेही, म्हणजे तेल तोडणारी एन्झाइम्सही, मंदावतात.

गारठा सोसणारे जिवाणू इथेच वेगळे ठरतात. थंडीत तुपाचा डबा उलटा केला तरी तूप हलत नाही, शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते; या जिवाणूंच्या पेशीपटलात त्या तेलासारखी, असंतृप्त स्निग्धाम्ले अधिक असतात, म्हणून थंडीतही पटल लवचिक राहून अन्न आत येत राहते. त्यांच्या विकरांची रचनाही सैल असल्यामुळे कमी तापमानात ती काम करू शकतात. मात्र वीस अंशांपलीकडे वाढूच न शकणारे, निव्वळ थंडीप्रिय जिवाणू आपल्या उपयोगाचे नाहीत. आपल्याला थंडी सोसून उन्हाळ्यातही तगणारे हवेत, आणि ते आपल्याच मातीत शोधावेत असे माझे ठाम मत आहे. अंटार्क्टिकात तर १९९१ च्या पर्यावरण करारानुसार बाहेरचे सूक्ष्मजीव नेण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे इंधन सांडलेल्या जागी तिथल्याच जिवाणूंवर भिस्त ठेवावी लागते. पाकिटातून विकत आणलेल्या जिवाणूंवर आपण इतक्या सहजी विश्वास का ठेवतो, हे मला उमगत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जुन्या काळ्या तेलात शिशासारखे धातूही असू शकतात, आणि कोणताही जिवाणू धातू खाऊन संपवत नाही. त्यामुळे त्या जागेवर भाजीपाला लावायचा नाही, असे मी घरात बजावून ठेवले आहे.

जानेवारीच्या अखेरीस बांधाच्या सावलीच्या बाजूची चिमूटभर माती, क्षारांचे पाणी आणि अन्न म्हणून केवळ डिझेलचे काही थेंब अशी बाटली कापसाचा बोळा लावून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, आठ अंशांच्या आसपास ठेवली आणि रोज हलवत राहिलो. तिच्यातला थेंब दुसऱ्या बाटलीत, दुसरीतला तिसरीत, असे केल्याने मातीचा गढूळपणा निघून गेला. तिसरी बाटली एकोणिसाव्या दिवशी दुधाळ झाली, म्हणजे तिच्यात जिवाणू वाढले. डिझेल न घातलेली शेजारची बाटली अजून नितळ आहे.