परसातले एकवीस अभंग: नऊ झाले, बारा बाकी

वाईच्या आमच्या घराच्या परसात मोठी-लहान मिळून एकवीस प्रकारची झाडे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकावर एक अभंग लिहायचा, असा संकल्प मी गेल्या श्रावणात सोडला होता. अडतीस वर्षे शाळेत मराठी शिकवली, आयुष्यभर कविता लिहिली, पण ती बहुतेक मुक्तछंदातच. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर अक्षरे मोजत लिहिणे हा माझ्यासाठी नवाच अभ्यास आहे. छंद आणि बाग या दोन्हींत रमणाऱ्या मंडळींना उपयोगी पडेल, म्हणून माघापर्यंतची प्रगती येथे नोंदवीत आहे.

रचना देवद्वार छंदातली आहे. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. हरिपाठाच्या पहिल्या अभंगावरून या छंदाला हे नाव पडले आहे. मंदाक्रांतेसारख्या वृत्तात सतरा अक्षरांपैकी प्रत्येकाचा लघुगुरुक्रम ठरलेला असतो, तसे बंधन येथे नाही. केवळ अक्षरसंख्या पाळायची. ऐकताना हे सोपे वाटते, परंतु बावीस अक्षरांत झाडही यावे आणि त्या झाडाशी जोडलेले माणूसही यावे, असे म्हटले की एक-एक शब्द जड होतो. झाडांची नावे या बाबतीत फार मदत करतात, हे मला लिहिता लिहिता कळले. सोनचाफा, गुलबक्षी, कढीपत्ता ही चार अक्षरी नावे चौथ्या चरणात अलगद बसतात, तर पारिजातक पाच अक्षरांचा असल्यामुळे त्याच्यासाठी सबंध चरण द्यावा लागतो आणि उरलेल्या एका अक्षराची सोय पाहावी लागते.

पहिला अभंग गुलबक्षीचा झाला. माझ्या लहानपणी घरात एकच घड्याळ होते आणि ते वडिलांच्या बैठकीत असे. माजघरातल्या बायकांचा दिवस उन्हावर आणि फुलांवर चाले. आजी ओटीवरून गुलबक्षीकडे पाहून दुपारच्या चहाची वेळ सांगत असे. ही आठवण खरी की मनाने रचलेली, हे तपासण्यासाठी मी भाद्रपदात सोळा दिवस फुले उमलण्याची वेळ वहीत टिपली. बहुतेक दिवशी ती साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान उमलली, आणि आभाळ भरलेले असले की सकाळी उशिरापर्यंत मिटली नाहीत. आजीचे घड्याळ बरोबर होते.

घड्याळ नव्हते । ओटीवर जेव्हा ।
गुलबक्षी तेव्हा । वेळ सांगे ॥
उमलता फूल । आजी हाक मारी ।
चहा चुलीवरी । सूनबाई ॥

पारिजातकाने मला अधिक शिकवले. पहिल्या खर्ड्यात मी तो ‘पहाटे उमलला’ असे लिहून गेलो होतो, कारण पहाटेचा सडा तेवढा आयुष्यभर पाहिलेला. आश्विनात एका रात्री विजेरी घेऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसलो, तेव्हा दिवेलागण झाल्यावर कळ्या सुटू लागल्या, साडेआठपर्यंत सुगंध ओसरीपर्यंत पोचला आणि फुले गळायला सुरुवात झाली ती उजाडण्याच्या आधी. खर्डा खोडावा लागला. आई या फुलांचे केशरी देठ खुडून सावलीत वाळवीत असे आणि ते उकळून देवघरातले वस्त्र रंगवीत असे. तो रंग टिकत नसे, काही महिन्यांत फिका पडे आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा रंगवी.

रात्री उमलला । पहाटे सांडला ।
देठांनी रंगला । देवपट ॥

जुईचा अभंग मात्र एका चुकीतून आला. सात वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी जाई म्हणून एक वेल आणला, मांडवावर चढवला आणि जाई म्हणूनच त्याच्यावर प्रेम केले. कार्तिकात अभंगासाठी पाने जवळून पाहू लागलो, तेव्हा शंका आली. जाईचे पान संयुक्त असते, पाच, सात किंवा त्याहून अधिक पर्णिकांचे, आणि कळीच्या बाहेरच्या अंगाला गुलाबी झाक असते. माझ्या वेलाच्या पानांत मधले एकच दल मोठे, आणि त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना डाळीच्या दाण्याएवढी दोन इवली दले. त्याच क्षणी आईचे बोल आठवले: ‘‘अरे, जुईच्या पानाला कान असतात, ते बघ आणि मग नाव घे.’’ साठ वर्षांपूर्वी ऐकलेले हे वाक्य त्या पानाने परत दिले.

जुईच्या पानाला । इवलेसे कान ।
आईचे ते भान । कळे आता ॥
जाई म्हणोनिया । जुईला जपले ।
नावच चुकले । सात वर्षे ॥

हा अभंग मी नातीला वाचून दाखवला. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, ‘‘आजोबा, ‘जाई म्हणोनिया’त सात होतात.’’ ती ‘म्ह’ची दोन अक्षरे धरत होती. जोडाक्षर एकच मोजायचे, हे तिला पाटीवर लिहून समजावले. तेव्हापासून प्रत्येक चरण तिच्या बोटांवरून गेल्याशिवाय वहीत उतरत नाही.

जास्वंद, कढीपत्ता, अनंत, सोनचाफा, गवती चहा आणि तुळस हे सहा अभंगही पूर्ण झाले आहेत, मात्र तुळशीचा पुन्हा लिहावा लागेल, तो ऐकीव शब्दांचाच झाला आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी दर आठवड्याला फवारले, तीन फवारण्यांत झाड मोकळे झाले.

मोगरा अजून अडला आहे. तरुणपणी मी मोगऱ्यावर इतके लिहिले की आता प्रत्येक शब्द वापरलेला वाटतो. पत्नीचे म्हणणे असे, ‘‘अहो, यंदा त्याच्यावर लिहू नका, नुसते त्याचे करा.’’ ते मला पटले. डिसेंबरअखेर आठही कुंड्यांतल्या झाडांना पंधरा दिवस पाण्याचा ताण दिला, मग छाटणी केली, पाने काढली, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पाणी सुरू केले. आज सहा कुंड्यांत दोन बोटे लांबीचे तांबूस-हिरवे फुटवे आले आहेत, दोन कुंड्या अजून तशाच आहेत. चैत्रात कळ्या धरतील, तोवर वहीत मोगऱ्याचे पान कोरे ठेवले आहे.